गुरुवारी दुपारी भाजलेली सुकट

नाशिक रोडच्या एका कॉलनीत आम्ही पाच वर्षं भाड्यानं राहिलो. जुना, दुमजली बंगला. खाली घरमालक काका-काकू, वर आम्ही दोघं. मुलगी पुण्याला शिकत होती. घर दाखवताना काकूंनी पाण्याची वेळ सांगितली, गॅलरीतलं ऊन दाखवलं आणि उतरताना जिन्यात थांबून मवाळ आवाजात विचारलं, "तुम्ही खाता का?"

काय, ते विचारायची गरज नव्हती. माझा नवरा लगेच म्हणाला, "घरात नाही करत."

"नाही, तुमच्याबद्दल आमचं काही नाही हो. पण मला तो वास सहन होत नाही. आधीच्यांनी एकदा अंडी उकडली. महिनाभरात घर रिकामं करून घ्यावं लागलं." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

आम्हाला ते जड वाटलं नाही. माझं माहेर मखमलाबादकडचं, भाजीपाला पिकवणारं. आजोबा माळकरी होते म्हणून तिथंही मटण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजायचं. घरात शिजवायचं नाही याची मला सवयच होती. रविवारी वाटलं तर आम्ही बाहेर जेवून यायचो आणि बडीशेप चघळत जिना चढायचो.

पण वासाचं त्या घरात वेगळंच होतं. आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बरोबर खालच्या मागच्या ओट्यावर उघडायचा, आणि काकू दिवसातला निम्मा वेळ त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. संध्याकाळी भेटल्या की म्हणायच्या, "आज मेथी का?" कौतुकानंच म्हणायच्या. मला मात्र त्यातून एवढंच कळायचं, की आपल्या घरातलं सगळं खाली पोचतं. एकदा मी मिरच्या भाजल्या तेव्हा त्या खोकत खोकत वर आल्या आणि दारात उभं राहून हसत म्हणाल्या, "अगं, मारतेस की काय आम्हाला!" त्या दिवसापासून मी वास घालवायला शिकले. लिंबाची सालं आणि दालचिनी पाण्यात उकळत ठेवायची. ओट्यामागच्या टाइल्स सोड्यानं पुसायच्या. रात्रभर वाटीत व्हिनेगर ठेवायचं. यातलं काही मोबाईलवर बघितलं, काही स्वतःच शोधलं. त्यात मी बरीच तरबेज झाले होते.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांचं गाव सटाण्याच्या पुढं. पोटात दुखतं म्हणून दाखवायला आणलं, आणि तपासण्या संपल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना दालनाबाहेर घेतलं. त्या आत बाकावर फाईल छातीशी धरून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या पलीकडं गेलंय. घरी न्या. दोन महिने, फार तर तीन. पथ्य काही नाही. मागतील ते द्या."

गावी नेण्यात अर्थ नव्हता. दुखायला लागलं की इंजेक्शन लागायचं, आणि त्यासाठी येणारी नर्स आमच्याच भागात राहायची. मी शिकवत होते त्या शाळेतून रजा घेतली. हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी त्यांची खाट टाकली, कारण तिथं सकाळचं ऊन यायचं आणि संडासही जवळ होता. गावाहून त्यांनी एकच वस्तू हट्टानं आणली होती, त्यांची काळी घोंगडी. बाकी कशाची मागणी नव्हती. पेज दिली तर दोन चमचे पेज, मऊ भात दिला तर दोन घास, मग मान भिंतीकडं. काकू रोज एकदा वर येऊन त्यांच्याशी बोलायच्या. सासूबाईंची अहिराणी त्यांना फारशी कळायची नाही, पण बसायच्या.

जानेवारीत एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "माले सुकट खावानी शे."

मी त्यांचे पाय चेपत होते. म्हटलं, "आई, इथं नाही करता येत."

त्यांनी फरशीकडं बोट केलं. "खालनी बाईले वास येई का?"

"हो."

"ऱ्हाऊ दे मंग."

मागून मागितली तर काय मागितली, वाळवलेली बारीक कोळंबी. तिकडं आठवडे बाजारात ढिगानं मिळते. कुणाच्या घरी पाहुणा अचानक आला, भाजी नसली, की मूठभर सुकट तव्यावर टाकायची. पण तिचा वास! तवा तापला की तो शेजारच्या गल्लीत पोचलेला असतो. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा मागितली. नंतर एकदा इंजेक्शनच्या गुंगीत पुटपुटल्या. तेव्हा माझा नवरा शेजारी बसला होता.

त्यानं आधी सोपा मार्ग काढला. तो ओझरला कारखान्यात होता. तिथल्या मित्राच्या बायकोनं सुकटीची चटणी करून डब्यात घालून दिली. सासूबाईंनी बोट लावून चाटलं आणि डबा बाजूला सारला. "हाई थंडी शे. तव्यावरनी जोयजे." तेवढी दोन मिनिटं डबा उघडा राहिला, तर दुसऱ्या दिवशीही मला हॉलमध्ये वास जाणवत होता. की भास होत होता, कोण जाणे.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात दार लोटून बोललो.

"एक दिवस गावाला नेऊन आणू या का?" मी विचारलं.

"तीन तास गाडीत बसेल ती?"

"मग काकूंना सरळ विचारू. मरणाऱ्या माणसासाठी नाही म्हणणार नाहीत."

"आणि म्हणाल्या तर? हिला अशा अवस्थेत घेऊन कुठं जायचं? आणि एकदा विचारलं ना, की मग लपवूनही करता येणार नाही."

त्याचं बरोबर होतं. म्हणजे तेव्हा मला बरोबर वाटलं.

काका-काकू दर गुरुवारी चारला मठात जायचे आणि सहानंतर परत यायचे. आम्ही गुरुवार ठरवला. आदल्या दिवशी नवऱ्यानं गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून पावशेर सुकट आणली, पाच पिशव्यांत एकात एक गुंडाळून. ती रात्रभर स्कूटरच्या डिकीत ठेवली. मी पडदे काढून ठेवले. जादा चादरी, रजया, स्वेटर, जे जे कापडी होतं ते कपाटात कोंबून कपाटाच्या फटीला चिकटपट्टी लावली. सकाळी तो ओझरच्या बसला जाताना दारात म्हणाला, "जमेल ना तुला?" मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. कुणाला कळणारसुद्धा नाही."

चारला फाटकाची कडी वाजली. गाडी वळेपर्यंत मी गॅलरीत उभी राहिले आणि मग कामाला लागले. एक्झॉस्ट बंद. खिडक्या बंद. दारांच्या फटींना ओले टॉवेल. केसांना पिशवी बांधली. तवा तापवून सुकट टाकली, आणि हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "उना! वास उना!" वास आला म्हणून त्या ओरडत होत्या. तीन महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

भाजलेली सुकट पाखडली. तेलात ठेचलेला लसूण, कांदा, लाल मिरची घातली. मिक्सर वापरला नाही, त्याच्या झाकणाच्या रबराला वास राहतो. खलबत्त्यात कुटली. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटलीत. त्यांना उशीला टेकवून बसवलं तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या हातानं घास मोडला. तोंडात खूप वेळ घोळवला. मग दुसरा. पाव भाकरी खाल्ली त्यांनी. मधेच म्हणाल्या, "तुना हातले चव शे." सटाण्याच्या बाजारात डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन चालत गेल्याचं, येताना पदरात सुकट बांधून आणल्याचं सांगितलं. सांगताना चटणीचे दोन कण घोंगडीवर सांडले, ते त्यांनी बोटानं टिपून खाल्ले.

तिथंच मी त्यांच्याजवळ बसून राहायला हवं होतं. पण घड्याळात पाच वाजायला आले होते.

मी ताटली उचलली, त्यांचे हात लिंबानं आणि बेसनानं धुतले. गॅलरीचं दार, समोरच्या खिडक्या, स्वयंपाकघराची खिडकी सगळं सताड उघडलं आणि पंखे पाचवर केले. त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती. निफाडकडं द्राक्षबागांत शेकोट्या पेटवत होते. दारातून आलेला वारा खाटेवरून सरळ स्वयंपाकघरात जात होता, आणि वास बाहेर पडायला मला नेमकं तेच हवं होतं.

मग मी घोंगडीचा वास घेतला. त्यात सुकट होती. मी ती ओढली, तर त्यांनी काठ धरून ठेवला.

"ऱ्हाऊ दे ना व."

"आई, लोकरीत वास बसतो. गच्चीवर टाकून येते, लगेच आणते."

त्यांनी काठ सोडला. मी त्यांच्या अंगावर एक पातळ चादर घातली. बाकी पांघरुणं कपाटात होती, आणि कपाट वास जाईपर्यंत उघडायचं नव्हतं.

गच्चीवरून आले आणि टाइल्स पुसायला घेतल्या. तवा चिंचेनं घासला, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. खलबत्ता धुतला. सुकटीचा कोंडा आणि उरलेली चटणी तीन पिशव्यांत बांधली. पातेल्यात लिंबाची सालं उकळत ठेवली, कापूर जाळला, धूप लावला. फरशी दोनदा पुसली. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा मी स्टुलावर उभी राहून एक्झॉस्टची पाती पुसत होते.

"थंडी वाजस व."

"पाचच मिनिटं, आई."

त्यांनी आणखी एकदा हाक मारली. ती मला ऐकू आली. पाणी वाहत होतं, पंखे फिरत होते, तरी ऐकू आली. मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, उत्तर द्यायला गेले तर काम राहील.

ऊन केव्हाच उतरलं होतं. फाटक वाजलं तेव्हा मी दिवे लावले, केसांवरची पिशवी काढली, वास जावा म्हणून बोटं स्टीलच्या पेल्यावर घासली. काकू थेट वर आल्या, हातात मठातला प्रसाद होता. दारातच थांबून त्यांनी श्वास घेतला.

"काय छान वास येतोय गं! धूप लावलास का?"

मला आनंद झाला. हे लिहिताना हात अडखळतो, पण झाला. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. मी हसून काहीतरी म्हणाले. काकूंची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली होती.

"अगं, आजी कापतायत!"

सासूबाई पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. चादर खाली घसरलेली. ओठ निळसर पडले होते आणि दात वाजत होते. काकूंनी प्रसाद टेबलावर टाकला, स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांच्यावर घातली आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. "पंखे कसले लावलेत या थंडीत?" असं म्हणत खाली जाऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. मग खाटेवर बसून त्यांचे तळवे चोळू लागल्या. "आजी, बरं वाटतंय का?" असं विचारायला त्या चेहऱ्याजवळ वाकल्या, तर सासूबाईंनी पदर ओढून तोंडावर घट्ट धरला आणि मान भिंतीकडं फिरवली. काकूंना वाटलं, दुखतंय. मला कळलं. त्या आपल्या तोंडाचा वास लपवत होत्या.

मी गच्चीवर जाऊन घोंगडी आणली. ती बर्फासारखी झाली होती.

नवरा सातला आला, तोवर सगळं बंद होतं. काकू खाली गेल्या होत्या आणि सासूबाईंना डोळा लागला होता. त्यानं बुटांसकट दारातच उभं राहून विचारलं, "खाल्ली?"

"पाव भाकरी."

तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नळ चालू ठेवला होता त्यानं.

सकाळी त्यांचं अंग तापलं होतं, श्वासाला घरघर लागली होती. दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, "अंगात काही उरलेलंच नव्हतं. असं काहीतरी होणारच होतं, आज नाही तर तीन-चार आठवड्यांनी." त्यांनी आम्हाला धीर द्यायला ते सांगितलं. मी मात्र ते तीन-चार आठवडे धरून बसले. पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस बोलल्या नाहीत.

गावी नेलं. बायका जमल्या. नणंद माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग विचारलं, "शेवटे काय खादं मायनी?"

"मऊ भात," मी म्हणाले.

ती आणखीच रडली. आईच्या तोंडाला शेवटी चवसुद्धा नव्हती म्हणून. नवरा पलीकडं खांबाशी बसला होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. आम्ही ते घर सोडलेलं नव्हतं, आणि गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते.

पुढं काही महिने मी त्याच्याबरोबर जेवायला बसले की तो कधीकधी म्हणायचा, "एक बरं झालं, तिला हवं ते मिळालं." त्याच्याजवळ तेवढंच होतं. मी मान डोलवायचे. पितृपक्षात मात्र मला ते पेलेना. तो आईसाठी पान वाढून कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभा होता. तिथंच मी त्याला सगळं सांगितलं. खिडक्या, पंखे, घोंगडी.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"दीड तास."

"तिनं हाक मारली होती?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा."

तो पुन्हा पानाकडं वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं. कितीतरी दिवस तो कामापुरतं बोलत होता, दूध आणलंय, बिल भरलंय, उशीर होईल. मग हळूहळू बाकीचं बोलणं परत आलं. "तिला हवं ते मिळालं" हे वाक्य मात्र परत आलं नाही. मी त्याच्याकडून तेही घेतलं, असं मला वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या स्वतःच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खाली गेले. काकू मागच्या ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. मी पायरीवर बसले आणि त्यांनाही सांगितलं. क्षमा मागायची होती की दोष द्यायचा होता, मला अजून नक्की माहीत नाही.

त्यांनी गवार मोडणं थांबवलं नाही. संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मला विचारायचं होतंस."

"तुम्ही हो म्हणाला असता?"

त्यांनी हातातल्या शेंगेची शीर काढली, ती ताटात टाकली.

"आत्ता मी म्हणेन, हो म्हटलं असतं. कुणीही म्हणेल. पण खरं सांगू? तेव्हा नसतं म्हटलं. सांगितलं असतं, बाहेरून आणा." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच मवाळ होता. "म्हणजे तू विचारलं नाहीस ते बरोबरच केलंस. आणि तरी, माझ्या शालीत होत्या गं त्या. मी त्यांचे पाय चोळत होते, आणि त्या माझ्यापासूनच तोंड लपवत होत्या."

काकू ताट उचलून आत गेल्या. मी थोडा वेळ थांबले, पण त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. टेम्पो निघताना फाटकाशी काका एकटेच आले. त्यांनी माझ्या नवऱ्याकडून किल्ल्या घेतल्या, वरचे नळ नीट बंद केलेत ना असं विचारलं, आणि आम्ही रस्त्यावर आल्यावर आतून कडी लावून घेतली.